मायलोमाची कीमो चालू असताना घरी काय सांभाळायचं

आमच्या आबांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, ट्रीटमेंट नेहमीचीच, पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाईडची कॅप्सूल आणि डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी. केस गळतील याचीच आम्हाला धास्ती होती, ते काही झालं नाही, त्रास निघाला पायातून.

मे महिना, जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, आबा गच्चीवरचे पापड बघून खाली आले तर एका पायात चप्पलच नाही. कुठे निसटली पत्ता नाही, तळव्याला हा मोठा फोड आणि वर म्हणतात, "काही नही, बरं शे." नंतर कळलं की बोर्टेझोमिबमुळे पायाला मुंग्या महिनाभरापासून येत होत्या, डॉक्टर इंजेक्शन बंद करतील म्हणून बोलले नाहीत. उलट आहे हो सगळं. मुंग्या, बधिरपणा, रात्री तळव्यांची आग, पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर डोस कमी करता येतो, दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवता येतं, लपवलं तर नस कायमची दुखावू शकते. आता घरातसुद्धा मागे पट्टा असलेली चप्पल, आंघोळीचं पाणी आधी आई हात घालून बघते आणि रोज रात्री तळवे मोबाईलच्या टॉर्चने बघायचे, जखम झाली तरी त्यांना समजत नाही.

डेक्साचा दिवस वेगळाच, रात्री दोनला आबा अंगण झाडत होते! गोळी सकाळीच, नाश्ता करून घ्यायची, शुगर असेल तर त्या दिवशी जास्त वेळा तपासायची. एक-दोन दिवसांनी माणूस एकदम गळून जातो, चिडतो, मनाला लावून घेऊ नका.

पाणी भरपूर, पण किती ते डॉक्टरांना विचारून, कारण या आजारात किडनीवर ताण असतो. म्हणूनच हाडं दुखली की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणायची सवय बंद. केळी आपल्याकडे घरचीच, पण रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर तीही विचारून. कधी पोट साफ होत नाही, कधी जुलाब, दोन्ही सांगायचं. कच्ची कोशिंबीर, गाड्यावरची चटणी नको, गरम खिचडी, कळण्याची भाकरी चालते. ग्रीन टी नको, बोर्टेझोमिबचा असर त्याने कमी होऊ शकतो असं लॅबमध्ये दिसलंय.

नागिणीसाठी दिलेली असायक्लोविर आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी कंटाळून बंद करू नका. एकच पाय सुजला, दम लागला की लगेच दवाखाना. ताप १००.४ पर्यंत चढला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन करायचा.

आणि दात काढायचा असेल तर हाडांचं झोलेड्रॉनिक इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी काढा, नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. आबांची एक दाढ राहूनच गेली, आता डेंटिस्ट हातच लावत नाही.