ओव्हरक्लॉकिंग करावं की नाही: हिशेब आणि पायऱ्या

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर (सीपीयू), ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यात बहुतेकांना भीती असते प्रोसेसर जळण्याची. नुसता वेग वाढवून तो सहसा जळत नाही. तापमान मर्यादेला टेकलं की चिप स्वतःच वेग उतरवते, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. चिपचा जीव जातो तो व्होल्टेजने. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा ते बनवणाऱ्या एएमडीला एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ व्होल्टवर रोखावं लागलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे अस्थिर रॅम. मशीन व्यवस्थित चालतंय असं वाटतं आणि फायली मात्र एकेक बिटने बिघडत जातात, बॅकअपमध्येही त्याच बिघडलेल्या जातात. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी बॅकअप घ्या आणि तो ड्राइव्ह काढून ठेवा.

फायद्याचं गणित साधं आहे. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. ५ टक्के वेगासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं तर १.१ × १.१ × १.०५, म्हणजे साधारण २७ टक्के जादा वीज, आणि ती सगळी उष्णता कूलरच्या माथी. आजचे प्रोसेसर बूस्टमध्ये (गरजेनुसार आपोआप वाढणाऱ्या वेगात) स्वतःच जवळपास टोक गाठतात, त्यामुळे हातात उरतं थोडंच.

आधी अडतंय कुठे ते बघा. गेममध्ये जीपीयूचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर सीपीयूचा वेग वाढवून फ्रेम वाढणार नाहीत.

सुरुवात रॅमपासून करा, सगळ्यात स्वस्तात फायदा तिथेच आहे. डीडीआर५ रॅमचा ६००० वेगाचा संच बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी तयार प्रोफाइल, चालू करेपर्यंत बहुधा ४८०० वरच धावतो. संच त्या वेगाला तपासलेला असतो. तुमच्या सीपीयूचा मेमरी कंट्रोलर तो झेपवेलच याची हमी नसते. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे ४ फेरे लावा. एक जरी चूक आली तरी वेग एक पायरी खाली आणा. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका.

जीपीयूसाठी आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कोअरचा वेग २५-२५ मेगाहर्ट्झने वाढवा, दर वेळी दहा मिनिटं जड गेम चालवा. ड्रायव्हर कोसळला की ५० मेगाहर्ट्झ मागे या. कार्डावरच्या मेमरीचं वेगळं आहे: जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी चुकलेला डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे क्रॅश न होता फ्रेम घटतात. तिथे आकडा वाढवला की फ्रेम मोजायच्याच.

सीपीयूला व्होल्टेज चढवण्यापेक्षा उतरवणं शहाणपणाचं. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (वेगानुसार व्होल्टेज कमी-जास्त करणारी बायॉसमधली सेटिंग) सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरू करा, मग ५-५ ने खाली. सिनेबेंच ही सीपीयूवर पूर्ण ताण देणारी चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. असं मशीन बरेचदा रिकामं असतानाच रीस्टार्ट होतं, कारण हलक्या कामात एखादाच कोअर कमाल वेगावर उडी मारतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नोंदी (हार्डवेअरच्या चुकांच्या) दिसल्या तर दोन पायऱ्या वर या.

व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडून मल्टिप्लायर (सीपीयूचा वेग ठरवणारा गुणक) वाढवू नका. मदरबोर्ड स्थिरतेसाठी गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देऊन मोकळा होतो.

स्क्रीनच आली नाही तर पॉवर केबल काढा आणि मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायॉसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणणाऱ्या) पिना जोडा, किंवा बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. सगळ्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा. बायॉस अपडेट केलं की जतन केलेली प्रोफाइल बहुधा पुसली जातात.