गळ टाकण्याआधी तिथी बघा

मुंबईत किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायचा असेल, तर महागड्या रॉडआधी भरतीची वेळ बघा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. पूर्ण ओहोटी साधारण सहा तासांनी. दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचं कोष्टकही पडताळा.

माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास. पाणी चढतं तसे मासे खाणं शोधत कडेला येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते; तेव्हा पाण्याची ओढ कमी, दोरीला वजन म्हणून हलकं शिसंही पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र ओढीने तंगूस (गळाची नायलॉन दोरी) वाहून जातो, वजन वाढवावं लागतं. आमिष म्हणून ताजी कोलंबी उत्तम.

एक कळकळीची विनंती: चढत्या पाण्यात वांद्र्याच्या बँडस्टँडच्या बाहेरच्या खडकांवर थांबू नका. परतीची वाट मागून बुडते, आणि आपलं लक्ष गळाकडे असतं. भरतीला धक्काच बरा. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका.

शिंगाळा (काटेरी मासा) गळाला लागला तर हाताने धरू नका, पक्कड वापरा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. टोचलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांकडे जा.