स्वतः बसवलेल्या बॉयलरला सर्टिफिकेट हवंय? मग इंजिनिअर आधी ठरवा

इंग्लंडमध्ये घरचा गॅस बॉयलर (घर आणि पाणी गरम करणारं यंत्र) स्वतः बसवला आणि नंतर सही करायला इंजिनिअर शोधत बसलात तर बहुतेक जण सरळ नाही म्हणतात, कारण दुसऱ्याने केलेलं काम ते स्वतःच्या नावावर नोंदवू शकत नाहीत. आणि बरोबरच आहे त्यांचं.

१. पहिला स्क्रू मारायच्या आधीच गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची तिथली अधिकृत यादी) नाव असलेला इंजिनिअर गाठा आणि स्पष्ट विचारा: पाण्याचे पाइप, रेडिएटर मी करतो, बॉयलर जोडणं, गॅस लाइन, फ्लू (धूर बाहेर नेणारी नळी) आणि कमिशनिंग (पहिल्यांदा चालू करून तपासणं) तुम्ही कराल का? काही जण तयार होतात.
२. त्याच्या कार्डाची मागची बाजू बघा, कुठलं काम करता येतं ते तिथे लिहिलेलं असतं. समोरचा फोटो बघून गप्प बसू नका.
३. तो बघेपर्यंत पाइप प्लास्टरखाली झाकू नका.
४. बेंचमार्क चेकलिस्ट (बॉयलर नीट बसवून तपासल्याची नोंद) त्याच्याकडून भरून घ्या, वॉरंटीला लागते. त्याने ३० दिवसांच्या आत गॅस सेफकडे काम नोंदवलं की बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकाम नियमांचं) सर्टिफिकेट मिळतं, घर विकताना वकील हाच कागद मागतात.

आधीच बसवून झालाय? मग काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) बिल्डिंग कंट्रोल या बांधकाम तपासणी विभागाला रेग्युलरायझेशन सर्टिफिकेटचं (न कळवता केलेलं काम नंतर नियमित करणारा कागद) विचारा, फी पडते आणि तपासायला झाकलेला भाग उघडायलाही सांगू शकतात.

एक मात्र पाळा, तपासणी होईपर्यंत बॉयलर पेटवायचा नाही, अगदी थंडी असली तरी, आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म आधी लावून घ्या.