पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर नर्व्ह ब्लॉक कसा निवडावा

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना काही अंशी छेद घेतलेल्या भिंतीतून येते आणि काही अंशी आतल्या अवयवांतून. नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नसांजवळ औषध टोचून तो भाग बधिर करण्याची पद्धत, निवडताना भूलतज्ज्ञाने प्रथम हा भेद करावा, कारण 2001 मध्ये वर्णन झालेला आणि आज सर्वाधिक वापरला जाणारा टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतील नसांचा ब्लॉक) केवळ भिंतीची वेदना शमवतो.

या ब्लॉकमध्ये सोनोग्राफीच्या साहाय्याने पोटाच्या आतल्या दोन स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडले जाते. बाजूने दिल्यास बेंबीखालचा भाग बधिर होतो, त्यामुळे सिझेरियनच्या आडव्या छेदासाठी तो योग्य ठरतो. मात्र स्पायनलमध्ये, म्हणजे कण्यात दिलेल्या भुलीत, मॉर्फिन दिले असेल, तर या ब्लॉकची फारशी भर पडत नाही. बेंबीच्या वरच्या छेदासाठी सुई बरगड्यांच्या कडेखाली न्यावी लागते, तर मधल्या उभ्या छेदासाठी रेक्टस शीथ ब्लॉक (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या आवरणात दिलेला) अधिक नेमका आहे.

क्वाड्रेटस लम्बोरम या पाठीकडच्या खोल स्नायूजवळ दिलेल्या ब्लॉकमुळे अवयवांची वेदनाही काही प्रमाणात कमी होऊ शकते. परंतु तो खोलवर असल्याने रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात एपिड्युरलइतकीच (कण्यातील मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध देण्याइतकीच) खबरदारी घ्यावी. इरेक्टर स्पायनी ब्लॉक (कण्यालगतच्या पाठीच्या स्नायूखाली) देणे तुलनेने सोपे असले, तरी औषध कुठवर पसरेल याचा भरवसा नसतो. पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेत थोरॅसिक (छातीच्या पातळीवरील) एपिड्युरलचा परिणाम आजही अधिक खात्रीचा वाटतो, फक्त रक्तदाब उतरण्याकडे लक्ष हवे.

मात्रेचा हिशेब सुई हातात घेण्याआधीच करावा. 50 किलो वजनाच्या स्त्रीला प्रतिकिलो 2 मिलिग्रॅमप्रमाणे बुपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा 100 मिलिग्रॅम येते आणि 0.25 टक्के औषध दोन्ही बाजूंना 20-20 मिलिलिटर दिले की ती संपते. सर्जनने जखमेत औषध टोचले असेल किंवा टोचणार असेल, तर तेवढे आधीच वजा करावे. प्रसूतीच्या सुमारास या औषधाची विषबाधा होण्याचा धोका वाढतो, म्हणून मात्रा मर्यादेच्या आतच ठेवावी. विषबाधेवर उपाय म्हणून शिरेतून द्यायचे 20 टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रव) हाताशी असावे. विषबाधा झाल्यास प्रतिकिलो 1.5 मिलिलिटर, म्हणजे या स्त्रीला 75 मिलिलिटर, प्रथम झटपट द्यावे लागते.

एकदाच दिलेल्या ब्लॉकचा परिणाम काही तासांत ओसरतो. त्यामुळे पॅरासिटामॉल आणि इतर वेदनाशामके त्याआधीच वेळेवर सुरू करावीत आणि वॉर्डमध्ये वेदना विचारताना रुग्णाला खोकायला किंवा कुशीवर वळायला सांगावे. निश्चल पडून राहिलेल्या रुग्णाच्या उत्तरावरून ब्लॉकची खरी पारख होत नाही.