पॅरामेडिकची पदवी घेताय? प्रवेशापासून इंटर्नशिपपर्यंत या चुका टाळा

बारावी सायन्सचा निकाल लागतो, एमबीबीएसचं गणित जुळणार नाही हे कळतं आणि मग बरीच मुलं इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसच्या, म्हणजे पॅरामेडिकच्या पदवीकडे वळतात. जरूर वळावं. अपघातानंतरच्या पहिल्या तासात पेशंटजवळ शिकलेला माणूस असणं आपल्याकडे अजून नशिबावर अवलंबून आहे, आणि ते बदलायचं तर ही मुलं हवीतच. अडचण एवढीच, की इतर बी.एस्सी.सारखी ही पदवीही वर्गात बसून, नोट्स पाठ करून पदरात पडेल असं समजून अनेक जण येतात. तसं होत नाही. ही पदवी कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, आणि ॲम्ब्युलन्सच्या मागच्या भागात कमवावी लागते. या मुलांना शिकवताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यातल्या बहुतेक याच गैरसमजातून आलेल्या असतात.

प्रवेश घेताना भलतेच प्रश्न विचारणं

फी किती, हॉस्टेल कसं आहे, प्लेसमेंट किती टक्के, हे सगळे विचारतात. कॅज्युअल्टीबद्दल क्वचितच कुणी विचारतं. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का? तिथली कॅज्युअल्टी चोवीस तास चालते का, की रात्री पेशंट दुसरीकडे पाठवतात? पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकणं, कोणत्या वर्षापासून सुरू होतं? रात्रपाळी असते का? ॲम्ब्युलन्सवर किती आठवडे पाठवतात, आणि ती ॲम्ब्युलन्स खरंच अपघाताच्या जागी जाते की नुसती डिस्चार्ज झालेल्या पेशंटला घरी सोडते? ही उत्तरं ॲडमिशनच्या टेबलावर मिळाली नाहीत, तर शनिवारी रात्री दहा वाजता त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर तासभर थांबा. किती रिक्षा, किती गाड्या येतात ते बघा. माहितीपुस्तक चाळण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

दुसरी गफलत कोर्सच्या नावाची. आपल्याकडे ‘पॅरामेडिकल कोर्स’ म्हटलं की त्यात लॅब, एक्स-रे, ओटी, डायलिसिस सगळं येतं. पाटीवर ‘पॅरामेडिकल’ लिहिलेलं पाहून फी भरली आणि पहिल्या सेमिस्टरला रक्ताच्या स्लाइड्स समोर आल्या, असं होऊ देऊ नका. पदवी कोणत्या शाखेची आहे ते विद्यापीठाच्या कागदावर वाचा. राज्याराज्यांत नावं बदलतात. तामिळनाडूत हाच अभ्यासक्रम ‘ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी केअर टेक्नॉलॉजी’ या नावाने शिकवला जातो.

सहा महिन्यांचं ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) सर्टिफिकेट आणि पदवी यांतला फरकही आधीच समजून घ्या. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्टच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचा म्हणजे पॅरामेडिकचा समावेश आहे. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला या कायद्याने २ ते ४ वर्षांत पसरलेला, किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी ठरवून दिली आहे. सहा महिन्यांत एवढे तास बसत नाहीत. ‘घरबसल्या डिग्री’ देणाऱ्यांकडे तर फिरकूही नका. या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. आणि ती मनाई योग्यच आहे. मास्क चेहऱ्यावर घट्ट कसा बसवायचा हे पडद्यावर बघून हाताला येत नाही.

१०८ वर नोकरी नक्की, असं गृहीत धरणं

महाराष्ट्रात १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा ९३७ ॲम्ब्युलन्स होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जास्त सुसज्ज, आणि ७०४ बेसिक. पण आपल्याकडे या गाड्यांवर डॉक्टर असावा असं ठरलं, आणि ही जागा मुख्यतः बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांनी भरली. गोवा, गुजरात, तेलंगणात मात्र १०८ च्या गाडीवर ईएमटी असतो. म्हणजे तुमची पदवी तीच असली, तरी राज्याची सीमा ओलांडल्यावर कामाची जागा बदलते. हे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा प्रवेशाआधी कळलेलं बरं. महाराष्ट्रात राहायचं असेल तर मोठ्या हॉस्पिटलांचे इमर्जन्सी विभाग, खासगी ॲम्ब्युलन्स सेवा, कारखान्यांची वैद्यकीय केंद्रं आणि एअर ॲम्ब्युलन्स यांच्याकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा, आणि इंटर्नशिपची जागा त्या हिशेबाने निवडा.

हात बसलेला नसताना बसला असं वाटणं

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथली चूक थेट पेशंटच्या अंगावर येते.

अंबू बॅग, म्हणजे मास्क लावून हाताने श्वास द्यायची पिशवी घ्या. दिसायला अगदी सोपी, आणि सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी वस्तू हीच. घाबरलेला विद्यार्थी बॅग भराभर आणि पूर्ण दाबतो. मोठ्यांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, पेशंटला एका वेळी लागते साधारण अर्धा लिटर. जास्तीची हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरते. शिवाय छातीत दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. श्वासनलिकेत ट्यूब टाकलेल्या पेशंटला सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, चालू असताना दर ६ सेकंदांनी एक श्वास पुरतो. मनात आकडे मोजत दाबायची सवय मॅनिकिनवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच, लावून घ्या.

बॅग दाबूनही छाती वर येत नसेल तर जोर वाढवू नका. आधी मान आणि हनुवटी पुन्हा नीट करा. अपघाताचा पेशंट असेल तर मान न वाकवता जबडा पुढे ओढा. मग तोंडात काही अडकलंय का बघा, सक्शन करा. मग एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी टाका, पण त्याचं माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत धरून घ्या. हाताला लागेल तो साइज उचलू नका. तरीही जमेना तर दुसऱ्याला बोलवा. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची. मदत मागितली तर मार्क जातील या भीतीने एकट्याने झटत राहणारी मुलं मी पाहिली आहेत. परीक्षकाला उलट मदत मागणारा विद्यार्थी हवा असतो.

छातीवर दाब देताना मिनिटाला १०० ते १२० आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती दाब सोडताना. थकवा आला की शरीराचा भार छातीवरच राहतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदय भरत नाही. दर २ मिनिटांनी माणूस बदला, ‘मी दमलो नाही’ म्हटलं तरी बदला.

ईसीजीत व्ही१ आणि व्ही२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीच्या खालच्या जागेत लावायचे असतात. घाईत ते हमखास एक-दोन जागा वर जातात आणि नसलेला दोष कागदावर उमटतो. बरगड्या बोटांनी मोजा, नजरेने नको. बेशुद्ध पेशंट कुठलाही असो, दारू प्यायलेला असो की फिट आलेला, ग्लुकोमीटर लावल्याशिवाय निदानावर बोलू नका. साखर उतरून बडबडणारा माणूस दारूडा म्हणून बाजूला ठेवला गेला तर तो जिवाला मुकतो.

पल्स ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास ठेवणं हीसुद्धा याच जातीची चूक. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असताना बेशुद्ध पडलेल्या मुलीचं बोट ९८ दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. तिला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि आकडा काहीही असो, जास्त प्रवाहाने ऑक्सिजन द्या.

आणि ऑक्सिजनचा हिशेब! सिलिंडरची किल्ली फिरवून काटा हलला, की ‘आहे सर’ म्हणतात. किती वेळ आहे, हे सांगा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १० लिटर पाण्याची जागा असते. तिला गेजवरच्या दाबाने गुणा. १५० बार असेल तर सुमारे १,५०० लिटर. मिनिटाला १५ लिटरने दिला तर १०० मिनिटं, गेज निम्म्यावर असेल तर ५०. सावंतवाडीहून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पेशंट न्यायचा, वाटेत ट्रक आडवा लागला, तर निम्मा सिलिंडर पुरेल का? गाडी सुटण्याआधी हे गणित व्हायला हवं, घाटात नाही.

परदेशी पुस्तक वाचून इथले पेशंट विसरणं

आपली पाठ्यपुस्तकं बहुतेक अमेरिकी. ती वाचा, चांगली आहेत. पण त्यातला साप आपल्या बांधावरचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या दंशाची लक्षणं वेगवेगळी सांगता यायला हवीत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, दुखणं जवळजवळ नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेल्या माणसाच्या पापण्या मिटायला लागल्या, आवाज बदलला, थुंकी गिळवेना, तर अंबू बॅग हाताशी घ्या, कारण पुढचा नंबर श्वासाचा आहे. दंशाच्या वर बांधलेली घट्ट आवळपट्टी सापडली तर घाईने सोडू नका, डॉक्टरला कळवून सोडा. विंचवाबद्दल वाचायचं तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम वाचा. कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी जे केलं, त्याची जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांनी दखल घेतली.

विदर्भ-मराठवाड्यात ‘औषध प्यायलं’ हे शब्द कानावर आले की आधी ग्लोव्हज घाला. तोंडाला फेस, डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, कपड्यांना उग्र वास: ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक असण्याची शक्यता मोठी. कपडे काढा, अंग धुवा, सक्शन चालू ठेवा, गाडीच्या खिडक्या उघडा आणि नातेवाइकांना बाटली सोबत आणायला सांगा. विद्यार्थ्यांना त्यावरच्या ॲट्रोपिनचा डोस पाठ असतो, पण पेशंटचा शर्ट काढायचं सुचत नाही.

हीच गत पेशंटला प्रश्न विचारताना होते. ‘ॲलर्जी आहे का?’ म्हटलं की खेड्यातल्या आजी ‘नाही’ म्हणतात. ‘कुठली गोळी खाऊन अंगावर पित्त उठलं होतं का, आजी?’ म्हटलं की त्यांना सगळं आठवतं. ‘छातीत भरून येतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’, या प्रत्येक तक्रारीमागे काय असू शकतं याची स्वतःची वही बनवा. आणि डॉक्टरकडे पेशंट सोपवताना तेच थोडक्या, नेमक्या इंग्रजीत सांगायचा सराव करा. दोन्ही भाषा लागतात.

लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) शेवटच्या आठवड्यात भरणं

पोस्टिंग संपताना सगळ्या नोंदी एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या असतील तर परीक्षकाला ते दुरूनही कळतं. नोंद त्याच पाळीत करा, सही त्याच दिवशी घ्या, आणि पेशंटचं नाव लिहू नका, नोंदणी क्रमांक पुरतो. फक्त पाहिलं, मदत केली आणि स्वतः केलं, यात फरक ठेवा. ‘पाहिलं’ला ‘केलं’ लिहिणारा विद्यार्थी पुढे एकटा गाडीवर जातो.

‘आम्हाला हातच लावू देत नाहीत’ ही तक्रार खरी असते. रेसिडेंट दमलेले असतात, सिस्टर घाईत असतात. त्यावर उपाय म्हणजे पाळी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जाऊन क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, तपासून द्या, ईसीजीचं मशीन तयार ठेवा, पेशंटचं बीपी आणि साखर कुणी सांगायची वाट न बघता घ्या. ज्याच्यावर छोट्या कामात भरवसा बसतो, त्याच्याच हाती सलाइन लावायला मिळते. तरीही महिनाभर काहीच करू दिलं नाही, तर विभागप्रमुखांना लेखी सांगा. हाताने काम शिकणं तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, उपकार नाही.

हिपॅटायटिस बीची लस प्रवेशाच्याच महिन्यात सुरू करा. तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या. सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

परदेशाचा विचार पदवी हातात आल्यावर करणं

अमेरिकेत पॅरामेडिकची राष्ट्रीय परीक्षा द्यायची तर तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातून शिकलेलं असावं लागतं, इथली पदवी थेट चालत नाही. ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१८ पासून नोंदणीशिवाय कुणी स्वतःला पॅरामेडिक म्हणवू शकत नाही. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही संस्था नोंदणी करते. तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून ऑनर्स पदवी ही किमान पातळी आहे, आणि बाहेरच्या उमेदवाराचा अभ्यासक्रम विषयवार तपासला जातो. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. शिवाय तिथल्या अनेक ॲम्ब्युलन्स सेवा सी१ वर्गाचं, म्हणजे मध्यम वजनाच्या गाड्यांचं, ड्रायव्हिंग लायसन्स मागतात. आखातात जायचं तर डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी होते. त्यात तुमच्या कॉलेजला थेट पत्र जातं आणि कॉलेजने त्याला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून कॉलेज सोडण्याआधी चार कागद शिक्क्यानिशी घ्या: प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा पूर्ण अभ्यासक्रम, गुणपत्रकांची ट्रान्सक्रिप्ट, पोस्टिंगचे विभागवार तास आणि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र. लॉगबुकचं प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा. चार-पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो, विभागप्रमुखही बदललेले असतात, आणि जुन्या बॅचचे तास शोधून द्यायला ऑफिसात कुणाकडे वेळ नसतो.