सुपरकारची तुलना कशी करावी: कामगिरीचा आणि किमतीचा हिशोब

सुपरकारची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात? हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, पण आजच्या गाड्यांमधला फरक ओळखायला तो फारसा उपयोगी राहिलेला नाही. प्रत्येक आकडा कोणत्या मापाने आणि कोणत्या अटींवर मोजला आहे हे आधी तपासावे आणि मगच दोन आकडे शेजारी मांडावेत, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम होते. पुढील विवेचनासाठी मी तीन गाड्या घेतल्या आहेत: २०२० साली आलेली पोर्शे ९११ टर्बो एस, २०२१ ची फेरारी २९६ जीटीबी आणि २०२३ ची मॅक्लारेन ७५०एस. स्वभावाने या तिन्ही गाड्या अगदी वेगळ्या आहेत आणि म्हणूनच तुलनेची पद्धत शिकायला सोयीच्या आहेत.

पायरी १: गाडी कशासाठी हवी ते लिहून काढा

रोज शहरातून चालवायची, महिन्यातून एकदा पहाटे घाटात न्यायची, की ट्रॅकवर पळवायची, हे आधी कागदावर लिहावे. ९११ ला मागे दोन लहान आसने आहेत आणि तिच्या चारही चाकांना शक्ती मिळते. उरलेल्या दोन गाड्या दोन माणसांच्या आहेत आणि त्यांची शक्ती फक्त मागच्या चाकांकडे जाते. हा मुद्दा ठरल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही.

पायरी २: शक्ती आणि वजन एकाच मापात आणा

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये. युरोपीय कंपन्या शक्ती बहुधा पीएसमध्ये (मेट्रिक अश्वशक्तीत) सांगतात, तर ब्रिटिश आणि अमेरिकी लेखनात बीएचपी किंवा एचपी (ब्रिटिश मापातली अश्वशक्ती) आढळते. एक बीएचपी म्हणजे सुमारे १.०१४ पीएस. त्यामुळे फेरारीची ८३० पीएस शक्ती ब्रिटिश लेखात ८१९ बीएचपी म्हणून दिसते आणि वाचणाऱ्याला उगीचच दोन वेगळ्या गाड्यांचा भास होतो.

वजनाचा घोळ याहून मोठा आहे. कोरडे वजन म्हणजे इंधन व इतर द्रवपदार्थ न धरता सांगितलेले वजन. डीआयएन (जर्मन मानकाच्या) वजनात सगळे द्रवपदार्थ आणि ९० टक्के भरलेली टाकी धरतात. युरोपीय संघाच्या पद्धतीत त्यावर चालकाचे ७५ किलोही मिळवतात. फेरारीच्या माहितीपत्रकात २९६ चे वजन १,४७० किलो दिले आहे, पण तळटीप वाचली की कळते, हे कोरडे वजन आहे आणि तेही वजन घटवणारी ऐच्छिक उपकरणे बसवलेल्या गाडीचे. मॅक्लारेन ७५०एस साठी दोन्ही आकडे देते: सर्वांत हलक्या स्वरूपातले कोरडे वजन १,२७७ किलो आणि डीआयएन वजन १,३८९ किलो.

आता कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करून पाहा. फेरारीचे ८३० पीएस १.४७० टनांनी भागले की टनामागे सुमारे ५६५ पीएस येतात. मॅक्लारेनचे ७५० पीएस डीआयएन वजनाने भागले तर ५४० येतात आणि फेरारी पुढे दिसते. तेच ७५० पीएस कोरड्या वजनाने भागले तर ५८७ येतात आणि मॅक्लारेन पुढे जाते. गाड्या त्याच, शक्तीही तीच. एका तळटीपेने निकाल उलटला. कोरड्या वजनाशी कोरडेच वजन ताडावे, आणि ते मिळत नसेल तर जिथे एखाद्या मासिकाने दोन्ही गाड्या प्रत्यक्ष काट्यावर चढवल्या आहेत तिथले आकडे घ्यावेत.

पायरी ३: शून्य ते १०० ऐवजी १०० ते २०० पाहा

कंपन्यांच्या आकड्यांनुसार ९११ टर्बो एस १०० चा वेग २.७ सेकंदांत गाठते, ७५०एस २.८ सेकंदांत आणि २९६ जीटीबी २.९ सेकंदांत. यावरून ६५० पीएस आणि १,६४० किलोची पोर्शे सर्वांत वेगवान ठरते. असे का होते? २.७ सेकंदांत १०० गाठणे म्हणजे सरासरी गुरुत्वाकर्षणापेक्षाही किंचित अधिक प्रवेग साधणे. येथे इंजिनापेक्षा टायरची पकड मर्यादा घालते, आणि चारही चाके ढकलत असली की ती पकड पुरेपूर वापरता येते. म्हणजे हा आकडा मुख्यत्वे सुटण्याच्या क्षणाची परीक्षा घेतो.

२०० पर्यंतचे आकडे पाहिले की चित्र बदलते. पोर्शेला ८.९ सेकंद लागतात, फेरारीला ७.३ आणि मॅक्लारेनला ७.२. वजाबाकी केली तर १०० ते २०० हा टप्पा फेरारी आणि मॅक्लारेन प्रत्येकी ४.४ सेकंदांत पार करतात, पोर्शेला मात्र ६.२ सेकंद लागतात. शक्ती आणि वजनाचे गुणोत्तर येथे बोलू लागते. माझ्या मते कामगिरी एकाच आकड्यात सांगायची असेल तर हा आकडा सर्वांत प्रामाणिक आहे.

आणखी एक दक्षता घ्यावी. अमेरिकी मासिके ड्रॅग रेसिंगच्या (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींच्या) रिवाजाप्रमाणे पहिले एक फूट अंतर वगळून घड्याळ सुरू करतात आणि मोजणी बहुधा शून्य ते ६० मैलांची, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटरपर्यंतची असते. या दोन्हींमुळे वेळ कमी दिसते. असा आकडा युरोपीय आकड्याच्या शेजारी ठेवू नये.

पायरी ४: फेरीची वेळ आणि कमाल वेग अटींसह वाचा

जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लायफे ट्रॅकवरची वेळ पुष्कळ वेळा पुरावा म्हणून पुढे केली जाते. तिथे दोन लांबींची मोजणी प्रचलित आहे: जुनी २०.६ किलोमीटरची आणि संपूर्ण फेरीची २०.८३२ किलोमीटरची. २०२२ मध्ये पोर्शे ९११ जीटी३ आरएसने पूर्ण फेरी ६ मिनिटे ४९.३२८ सेकंदांत केली. त्याच फेरीची आखूड अंतराची वेळ ६ मिनिटे ४४.८४८ सेकंद आहे. साडेचार सेकंदांचा हा फरक केवळ रेषा कुठे धरली यातून येतो. शिवाय टायर कोणते होते आणि गाडी चालवणारा व्यावसायिक रेसर होता का, हेही पाहावे लागते.

या जीटी३ आरएसकडे ५२५ पीएस आहेत आणि तिचा कमाल वेग ताशी २९६ किलोमीटर, म्हणजे आपल्या तिन्ही गाड्यांपेक्षा कमी. तरीही ट्रॅकवर ती विलक्षण जलद आहे, कारण ताशी २८५ किलोमीटर वेगाला हवा तिला ८६० किलोच्या भाराइतकी खाली दाबते आणि वळणात टायर रस्ता सोडत नाहीत.

कमाल वेगाच्या विक्रमात गाडी दोन्ही दिशांनी धावली का, हे तपासावे. कोनिगसेग अगेरा आरएसचा २०१७ मधला ताशी ४४७ किलोमीटरचा विक्रम दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी आहे, तर बुगाटी शिरोनने २०१९ मध्ये गाठलेला ४९० चा वेग एकाच दिशेचा होता.

पायरी ५: ब्रेक आणि उष्णता

ताशी २०० च्या वेगात असलेली ऊर्जा १०० च्या चौपट असते आणि ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. म्हणून एकदाच्या ब्रेकिंगचे अंतर पाहू नका. सलग पाच-सहा वेळा दाबल्यावर अंतर वाढते का, हे सांगणारी चाचणी शोधा. आपल्या तिन्ही गाड्यांना कार्बन-सिरॅमिक डिस्क मुळातच मिळतात, परंतु वजनदार गाडीच्या ब्रेकवरचा ताण अधिकच राहतो.

पायरी ६: खरी किंमत काढा

अमेरिकेत बाजारात येताना ९११ टर्बो एसची मूळ किंमत सुमारे २,०३,५०० डॉलर होती. फेरारी आणि मॅक्लारेनची साधारण ३,२०,००० डॉलरच्या घरात होती. हे मूळ किमतीचे आकडे आहेत. ऐच्छिक उपकरणांची यादी उघडली की रंग, कार्बन फायबरचे भाग, आसने असे करता करता रक्कम बरीच वाढते. म्हणून नेहमी तुम्हाला हव्या तशा सजवलेल्या गाडीचे लेखी कोटेशन मागावे.

भारतात हिशोब वेगळाच होतो. ४०,००० डॉलरहून महाग, पूर्ण तयार स्थितीत आयात केलेल्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार ७० टक्के सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, असे एकूण ११० टक्के लागतात. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ४० टक्के जीएसटी आहे. बंदरावर २ कोटी रुपयांना पडलेली गाडी घ्या: २ कोटी २० लाख शुल्क मिळवून ४ कोटी २० लाख होतात, त्यावर १ कोटी ६८ लाख जीएसटी, म्हणजे ५ कोटी ८८ लाख. विक्रेत्याचा नफा यात धरलेला नाही. महाराष्ट्रात आयात गाडीवर २० टक्के मोटार वाहन कर असला तरी त्याला कमाल मर्यादा आहे, जी २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्याने पुण्याची आणि बंगळूरची ऑन-रोड किंमत थेट ताडू नये. करांचे दर बदलतात, तेव्हा सही करण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावे.

पायरी ७: पाच वर्षांचा खर्च मांडा

खरेदीची किंमत वजा पाच वर्षांनंतरची अपेक्षित विक्री, अधिक विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि ब्रेक: हीच गाडीची तुम्हाला पडलेली किंमत. फेरारी नव्या गाडीला सात वर्षांचे नियमित सर्व्हिसिंग मूळ किमतीतच देते, आणि हिशोबात ती मोठी बाजू ठरते. मॅक्लारेनच्या नेहमीच्या मॉडेलांचे भाव सुरुवातीच्या वर्षांत वेगाने उतरतात. नवी घेणाऱ्यासाठी हा तोटा आहे, वापरलेली घेणाऱ्यासाठी हीच संधी. याच्या उलट टोकाला पोर्शे कॅरेरा जीटी आहे: सुमारे ४.४ लाख डॉलर किमतीच्या या गाडीचे १,२७० नग बनले, आणि आता ती दहा लाख डॉलरच्या पुढे विकली जाते. टर्बो नसलेले व्ही१० इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि मर्यादित संख्या यांचा तो परिणाम आहे. परंतु अशा वाढीच्या भरवशावर साधे, भरपूर संख्येने बनणारे मॉडेल घेऊ नये.

विम्याच्या कागदावरील आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, हा बाजारभाव समजू नका. दोन ते तीन वर्षांच्या गाडीसाठी ठरलेली घट ३० टक्के धरली जाते, मग बाजारात प्रत्यक्ष मागणी काहीही असो.

वापरलेली गाडी पाहत असाल तर खाली वाकून टायरच्या कडेवरचा चार अंकी शिक्का वाचा. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. खोबणी नव्यासारखी दिसत असूनही टायर जुना असेल तर रबर कडक होते आणि पकड जाते. कमी धावलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते.

माझा कौल असा: एकच गाडी ठेवून ती खरोखर चालवायची असेल तर ९११ टर्बो एसला तोड नाही, कारण एक लाखाहून अधिक डॉलर वाचवून ती रोजची सोय देते. ज्याला स्टिअरिंगमधून रस्ता हातात जाणवावा असे वाटते, त्याने वापरलेली मॅक्लारेन पाहावी. फेरारीचे वैशिष्ट्य म्हणजे ती इंजिन बंद ठेवून सुमारे २५ किलोमीटर केवळ विजेवर जाते. पहाटे निघताना शेजाऱ्यांची झोप मोडायची नसेल तर ही सोय मोलाची आहे.

पायरी ८: स्वतःच्या वाटेवर चालवून पाहा

चाचणीसाठी शोरूमने ठरवलेला गुळगुळीत रस्ता पुरेसा नाही. जवळच्या पंपावर ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल मिळते का ते विचारून ठेवा, कारण त्याहून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर या इंजिनांची पूर्ण शक्ती मिळत नाही. मग गाडी घरापर्यंत नेण्याची विनंती करा. पुढचा भाग वर उचलणारी यंत्रणा ही पुष्कळदा जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू असते. ती लावून सोसायटीच्या दारातला गतिरोधक ओलांडा, तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर गाडी सावकाश उतरवा, आणि एकाला बाहेर उभे करून पुढच्या बंपरच्या खालच्या कडेखाली किती बोटे जागा उरते ते पाहायला सांगा.