लावणीच्या दिवसांत पायाच्या जखमा जपा : चिखलपाण्यातून रक्तात शिरणारे जंतू

चिखलणी आणि लावणीच्या काळात दिवसभर पाय पाण्यातच असतात. संध्याकाळी बांधावर बसून पाय धुतले की तळव्यांची कातडी पांढरी, मऊ आणि सुरकुतलेली दिसते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात आणि टाचेच्या भेगेत बसलेला गाळ चोळूनही पुरता निघत नाही. हा सल्ला त्या भेगेसाठी आहे.

उष्ण प्रदेशांतील ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात काही जंतू कायम वस्तीला असतात. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. मात्र क्वचित ते जखमेतून थेट रक्तात उतरतात आणि मग आजार फार वेगाने बळावतो. एरोमोनास आणि क्रोमोबॅक्टेरियम हे त्यांपैकीच असले, तरी भातशेतीत सर्वाधिक सावध राहावे ते मेलिऑइडोसिसच्या जंतूपासून. या आजाराचे वर्णन व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ मध्ये रंगूनमधील रुग्णांवरून प्रथम केले, आणि ईशान्य थायलंडमध्ये आजही त्याचे बहुतेक रुग्ण भातशेतकरीच असतात.

मधुमेह असलेल्यांना हा धोका सर्वांत जास्त आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होत असल्याने काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून अशा व्यक्तींनी रोज रात्री उजेडात तळवे पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनीही हीच दक्षता घ्यावी. उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत चिखलातले काम दुसऱ्याकडे सोपवणे उत्तम. ते शक्य नसेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावून गमबूट घालावेत. फाटलेला किंवा आत पाणी भरलेला बूट कातडी आणखी भिजवतो, त्याचा उपयोग नाही. काम संपताच साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय धुऊन बेचके कोरडे करावेत, भेग काडीने उकरू नये. शेतातले पाणी न उकळता पिऊ नये आणि वादळी पावसात आडोसा घ्यावा, कारण हा जंतू पोटातून आणि श्वासातूनही शरीरात जातो.

संसर्गानंतर साधारण १ ते २१ दिवसांत थंडी वाजून ताप, जखमेभोवती सूज व ठसठस, धाप किंवा गुंगी जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. "मी चिखलात काम करतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे; हा आजार न्यूमोनिया किंवा क्षयासारखा भासतो, आणि खरे निदान रक्ताच्या कल्चरवरून, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीवरून होते. ते रक्त शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घेतलेले चांगले, त्यामुळे दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नयेत. नेहमीची अनेक प्रतिजैविके या जंतूवर चालतही नाहीत. उपचारात शिरेवाटे किमान १० ते १४ दिवस इंजेक्शने आणि पुढे किमान ३ महिने गोळ्या द्याव्या लागतात. ताप उतरून माणूस कामाला लागला तरी त्या गोळ्या मध्येच सोडू नयेत, कारण अर्धवट उपचारानंतर हा आजार पुन्हा उलटतो.